रात्रीची पाळी कोणाची?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून एका विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. हे पाचवे वर्ष. अतिशीत तापमानाला पदार्थांचे विद्युत गुणधर्म मोजणे हे आमच्या गटाचे काम आहे. गटात आठ जण आहोत आणि त्यांत मी एकटीच मुलगी आहे. माझ्याशी कोणीही वावगे वागलेले नाही, हे आधीच सांगते. सर तर वडिलांसारखी काळजी घेतात. मात्र संध्याकाळी सातनंतर मी प्रयोगशाळेत थांबायचे नाही, असे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून दिले. नमुना बसवणे, निर्वात करणे, गळती तपासणे, थंड करायला घेणे ही दिवसाची कामे माझ्याकडे असतात. प्रत्यक्ष मोजमाप रात्री होते आणि ते मुले करतात. गेल्या दोन्ही शोधनिबंधांत माझे नाव चौथे आहे. बैठकीत मी काही सुचवले तर ते कोणाच्या कानावर पडत नाही, आणि दहा मिनिटांनी तेच दुसऱ्या कोणी म्हटले की फळ्यावर लिहिले जाते. बैठकीचे इतिवृत्त, निरोपसमारंभ आणि समोसे ही खाती माझ्याकडे आहेत. लग्न ठरले आहे. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, ‘सेटची (प्राध्यापकपदाची पात्रता) परीक्षा पास झाली आहेस, कॉलेजात लाग, एवढी दगदग कशाला?’ मी उगाच हळवी होते आहे का? तक्रार करावी का? की हे सगळे सोडून द्यावे? (नाव-गाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर : तुमचे पत्र सहा पानांचे आहे आणि वर दिला आहे तो त्याचा सारांश. जागेअभावी जे गाळावे लागले, त्यात क्रायोस्टॅटच्या, म्हणजे नमुना अतिशीत ठेवणाऱ्या निर्वात भांड्याच्या, गळतीची जवळजवळ दोन पाने आहेत, आणि माझ्या उत्तराची सुरुवात मी तिथूनच करणार आहे. ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, सारे शांत असते, निर्वात डब्यातला दाब हलत नाही, आणि तापमान २.१७ केल्व्हिनच्या खाली गेले, म्हणजे हेलियम अतिप्रवाही होऊन अतिसूक्ष्म फटीतूनही वाहू लागला, की दाब चढू लागतो. सगळे पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून सांध्यासांध्यावर हेलियम फवारला तरी गळतीशोधक यंत्र काही दाखवत नाही. हे तीन आठवडे चालले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. नुसते लिहून तुमचे समाधान झालेले नाही. समासात त्या झाकणाचे चित्र काढून कोणत्या बोल्टावर तुमचा संशय आहे तिथे बाण दाखवला आहे. ज्या माणसाचे मन विषयातून उठले आहे, तो सल्ला मागणाऱ्या पत्रात बोल्टाचे चित्र काढत नाही. सोडून द्यावे का, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच चौथ्या पानावर देऊन ठेवले आहे, आणि त्यात मी भर घालण्यासारखे काही नाही.

हळवेपणाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. खोलीच्या तापमानाला गळती सापडत नाही म्हणून ती नाहीच, असे तुम्ही क्रायोस्टॅटच्या बाबतीत एकदाही म्हटलेले नाही. दाबमापक वाढ दाखवतो आहे, म्हणजे कुठेतरी वाट आहे, इतके तुम्हाला पुरेसे वाटते. स्वतःच्या बाबतीत मात्र तुम्ही उलट न्याय लावता. कोणी वावगे वागले नाही, सर चांगले आहेत, मुले मदत करतात, म्हणून गळती नाही आणि दोष माझ्या मनाचा, असा निष्कर्ष काढून मोकळ्या होता. वास्तविक तुमच्याकडे दोन शोधनिबंध आहेत, त्यांतला नावांचा क्रम आहे आणि पाच वर्षांचे वेळापत्रक आहे. हा सरळसरळ नोंदीचा विषय आहे, मनाचे खेळ नव्हेत. तुमचे सर दुष्ट आहेत असे मला वाटत नाही, आणि तसे ते असण्याची गरजही नाही. काळजीपोटी काढून घेतलेले काम हेही काढून घेतलेलेच काम असते, आणि ते प्रेमाने काढून घेतल्यामुळे ते परत मागण्याची जीभ रेटत नाही, एवढाच काय तो फरक.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. १९३३ साली मुंबईहून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, आणि शेवटी एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. बरोबर इतरही अटी होत्या, आणि त्यांतली एक अशी की मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. त्यांनी ते करून दाखवले, पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांना अट होती की रात्री थांबावे लागेल. तुम्हाला अट आहे की रात्री थांबायचे नाही. अट बरोबर उलटी झाली, पण ती मुलीलाच घालायची ही पद्धत तेवढी टिकली.

रात्रीचा मुद्दा मी क्षुल्लक मानत नाही, कारण प्रायोगिक भौतिकशास्त्र बऱ्याच अंशी रात्रीच घडते. रात्री लिफ्ट थांबलेली असते, रस्त्यावरची अवजड वाहतूक कमी झालेली असते, वीज त्यातल्या त्यात स्थिर असते, आणि दुपारी भरलेले द्रवरूप हेलियम संपायच्या आत मोजमाप उरकायचे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रामन यांच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम करत, तेव्हा एकेका छायाचित्राला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास प्रकाश द्यावा लागे आणि त्या रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही, ही गोष्ट वेगळी आणि संतापजनक. पण १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात, ज्याला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात तिथे, दाखल झाल्या आणि परदेशातून येणारी हवामानाची उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांच्या आराखड्यांचे काम हाती घेतले, तेव्हा ते काम पदवीच्या कागदाने केले नाही. उपकरणाशेजारी काढलेल्या तासांनी केले.

दुसरे उदाहरण जॉसलिन बेल यांचे आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला त्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. ज्या रेडिओ दुर्बिणीवर त्यांनी काम केले ती उभारताना त्यांनी स्वतः घण चालवला होता, तारा ओढल्या होत्या. आणि दुर्बीण सुरू झाल्यावर रोज सुमारे ३० मीटर लांबीचा आलेखकागद बाहेर पडे, तो सगळा त्या डोळ्यांनी तपासत. त्या शेकडो मीटरमध्ये सेंटीमीटरभरही जागा न व्यापणारी एक खरखर होती. ती नेहमीच्या लुकलुकणाऱ्या रेडिओ स्रोतासारखीही दिसत नव्हती आणि माणसाने केलेल्या व्यत्ययासारखीही दिसत नव्हती, आणि ती आधीही आकाशाच्या त्याच भागातून आली होती, हे त्यांच्या लक्षात आले. तो पहिला सापडलेला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना, हेविश यांना, राइल यांच्यासह मिळाले, हे सर्वांना माहीत असते. तेवढे माहीत नसते ते असे की केंब्रिजसारख्या ठिकाणी आपण चुकून घेतलो गेलो आहोत, कोणाच्या तरी ते लक्षात येईल आणि आपल्याला घालवून देतील, अशी भीती त्यांना सतत वाटे, आणि घालवलेच तर आपल्या बाजूने कसूर नको म्हणून त्या कागदाचा इंचन् इंच तपासत, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. आज खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पल्सारांचा मागोवा घेतात. नारायणगावहून जाताना त्या दिसल्या की मला दर वेळी तो आलेखकागद आठवतो. जो माणूस उपकरणाजवळ बसलेला असतो, खरखर त्यालाच दिसते. तुम्हाला सकाळी नऊ वाजता संगणकात जी फाइल मिळते, तिच्यातून ती कोणीतरी आधीच ‘गोंधळ आहे’ म्हणून काढून टाकलेली असू शकते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी संशोधन करत होते त्या काळी माझ्याही गटात एक प्रेमळ व्यवस्था होती. जड पंप हलवायचे नाहीत, रात्री थांबायचे नाही, वर्कशॉपमध्ये कारागिरांशी हुज्जत घालायची नाही. त्याऐवजी मी आकडेमोड करावी, कारण माझे अक्षर चांगले होते आणि चुका होत नसत. मला ते सुखाचे वाटले, खोटे कशाला सांगू. चार वर्षांनी एका मुलाखतीत समितीतल्या गृहस्थांनी विचारले, ‘तुम्ही स्वतः कोणते उपकरण उभे केले?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की माझ्याजवळ उत्तर नाही. ती जागा मला मिळाली नाही, आणि न मिळणे योग्यच होते. त्यानंतर आयुष्यभर मी शिकवले, त्यात मला फार आनंद मिळाला, त्याबद्दल खंत नाही. परंतु तो प्रश्न अजूनही मधूनच कानात वाजतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सहानुभूती मागू नका आणि तक्रारही करू नका, काम मागा. पुढच्या थंडीकरणाचे वेळापत्रक लागण्याच्या आधी सरांना भेटा आणि त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा, ‘पुढच्या फेरीत आठवड्यातून दोन रात्री मोजमाप मी करावे असे ठरले आहे / अशी माझी विनंती आहे’, जे घडले असेल ते. सर सुरक्षिततेचा मुद्दा काढतील. तो टाळू नका; उलट तो शेवटपर्यंत न्या, कारण तो शेवटपर्यंत नेला की तुमच्याच बाजूचा होतो. एक लिटर द्रवरूप हेलियमचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७५० लिटर वायू होतो, आणि बंद खोलीत तो प्राणवायूला बाजूला सारतो. तेव्हा रात्री एकट्याने काम करणे मुलीला जितके धोक्याचे तितकेच मुलालाही आहे. श्वास कोंडताना हेलियम आडनाव विचारत नाही की लिंग विचारत नाही. रात्री दोघांनी थांबायचे, प्राणवायूमापक चालू ठेवायचा, इमारतीच्या पहारेकऱ्याकडे नावे नोंदवायची, हे नियम मुळात सगळ्यांसाठीच हवेत आणि तुमच्या प्रयोगशाळेत ते नसतील, तर ती सरांचीच काळजी करण्याची गोष्ट आहे. राहता राहिला प्रयोगशाळेपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता. धोका रस्त्यावर असेल तर बंदोबस्त रस्त्याचा करायचा असतो, प्रयोगाचा नव्हे. विद्यापीठाची गाडी, वसतिगृहाच्या अधीक्षकांचे कायमचे परवानगीपत्र, किंवा सरळ पहाटेपर्यंत थांबून उजाडल्यावर परतणे, यांतला कोणता मार्ग तुमच्याकडे चालेल ते तुम्हीच ओळखता. पण सरांकडे जाताना तो तयार ठेवून जा. कितीतरी ‘नाही’ केवळ कोणाला एक फोन करायचा कंटाळा असतो म्हणून म्हटलेले असतात.

आपले काम बोलेल, कोणीतरी पाहील, बोलावून देईल, अशी वाट पाहणाऱ्या माणसांना मी डोना स्ट्रिकलंड यांची हकीगत सांगते. २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले त्या दिवशी त्या कॅनडातल्या आपल्या विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक होत्या, आणि पूर्ण प्राध्यापक का नाही, या प्रश्नावर त्यांचे उत्तर इतकेच होते की मी कधी अर्जच केला नव्हता. त्यांना कदाचित त्या पदाची फिकीर नसेल. नोबेल मिळाल्यावर ती कोणालाच राहणार नाही. तुमची आणि माझी गोष्ट तशी नाही.

नावांच्या क्रमाचे बोलणे निबंध लिहून झाल्यावर करू नये, मोजमाप सुरू होण्यापूर्वी करावे. ‘या फेरीतून निबंध झाला तर त्याचा पहिला मसुदा मी लिहीन’ हे वाक्य घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे तिथे अडखळणार नाही. प्रयोगवहीत रोजच्या नोंदीखाली तारीख आणि सही घालत चला, दिवसाच्या कामाचीसुद्धा. गळती तपासणे हे हमालीचे काम आहे असे तुमच्या गटात कोणाला वाटत असेल, तर तीन आठवडे मोजमाप का बंद आहे हे त्यांना विचारायला हरकत नाही.

बैठकीतल्या न ऐकू जाण्याबद्दल माझा उपाय थोडा खट्याळ आहे. इतिवृत्त तुम्हीच लिहिता ना? मग कोणी काय सुचवले ते नावानिशी आणि क्रमाने लिहा, स्वतःच्या नावासकट, आणि संध्याकाळी सर्वांना पाठवा. महिन्याभरात एक तर लोक नीट ऐकू लागतील, नाहीतर इतिवृत्ताचे काम तुमच्याकडून काढून घेतील. दोन्ही चालेल. समोशांचे मात्र पाळीपत्रक करून दारावर चिकटवा आणि त्यात सरांचेही नाव घाला. तुमच्या गटातल्या एकाशी तुमचे बरे जमते, असे पत्रावरून दिसते. त्याला सरळ सांगा की माझे म्हणणे वाहून गेले, तर ‘हे हिने आत्ताच सांगितले’ एवढे म्हणत जा. चांगल्या मुलांना बऱ्याचदा हे दिसतच नसते, दाखवले की दिसते.

तक्रारीविषयी : तुम्ही लिहिले आहे ते अंतर्गत समितीकडे नेण्याचे प्रकरण नाही, असे माझे मत आहे. तरीही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तुमच्या विद्यापीठात अशी समिती असलीच पाहिजे आणि लैंगिक छळाची तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, एवढे माहीत असू द्या, स्वतःसाठी नाही तर उद्या गटात येणाऱ्या दुसऱ्या मुलीसाठी. आणि अशा गोष्टी बोलायला विषयातलीच माणसे हवी असतील, तर इंडियन फिजिक्स असोसिएशनचा स्त्री-पुरुष समानतेवर काम करणारा एक गट २०१७ पासून आहे. त्यांनी २०१९ मध्ये हैदराबादला परिषद भरवली आणि तिच्यातूनच भौतिकशास्त्रातल्या समानतेची एक सनदही तयार झाली. आपल्यासारखे आणखी आहेत, हे तिथे नुसत्या हजेरीनेही कळते.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नाही. त्यांना कॉलेजातली नोकरी म्हणजे साडेदहा ते पाच आणि मे महिन्याची सुट्टी, असे चित्र दिसते आहे. ते त्यांच्या काळचे आहे. आज आपल्याकडे सेट झालेली कितीतरी मुले घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, दोन-तीन कॉलेजांत धावाधाव करत आहेत, हे त्यांना शांतपणे, एखाद्या ओळखीच्या मुलीचे उदाहरण देऊन सांगा. आणि शिकवण्याची वाट तुम्ही पुढे निवडलीच तर ती आवडली म्हणून निवडा. दगदग टाळायला म्हणून निवडाल तर पदरी निराशा येईल, कारण दगदग तिथेही आहे. मूल झाले तर पीएच.डी.चे काय, ही शंका तुम्ही कंसात आणि बारीक अक्षरात लिहिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीपासून स्त्री संशोधकांना पीएच.डी.च्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा घेता येते आणि मुदतीतही दोन वर्षांची सवलत आहे. मध्ये खंड पडलाच तर परतीसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे. पण ही सगळी पुढची तजवीज झाली. लग्नाआधी बोलायचे ते सासूबाईंशी नाही, होणाऱ्या नवऱ्याशी. आठवड्यातून दोन रात्री मी घरी नसेन, हे वाक्य त्याच्यासमोर म्हणा आणि त्याचा चेहरा पाहा. सहा पानांत त्याच्याबद्दल एकही ओळ नाही, म्हणून विचारते आहे.

जाता जाता त्या गळतीबद्दल. सांधा पुन्हा उघडला तेव्हा खाचेतले जुने इंडियम, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या त्या मऊ धातूची तार, पूर्ण खरवडून काढले होते का, की त्याच दबलेल्या तारेवर झाकण पुन्हा बसवले? तार नवी घेतली असेल, तर तिची टोके बोल्टाच्या भोकाशेजारी एकमेकांवर नीट आली होती का, आणि इंडियम पसरल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, सगळे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा आवळले का? चित्रात बाण दाखवला आहे त्याच्या शेजारचा बोल्ट मला जास्त संशयास्पद वाटतो. तो काढून पाहा आणि काय झाले ते कळवा.